मन लागण्याची वाट पाहू नकोस

जळगाव

चि. ओंकार,



परवा फोनवर तुझा आवाज पार उतरलेला वाटला. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली, त्यात सदाशिव पेठेतली ती कॉट बेसिसची खोली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका. मन कोमेजेल नाही तर काय? ‘आत्या, कशातच मन लागत नाही’ असं म्हणालास, तेव्हा घाईत काही बोलण्यापेक्षा सावकाश लिहावं असं ठरवलं.

माझं सांगणं एवढंच, की मन लागण्याची वाट पाहू नकोस. रोज अर्धा तास हातांनी काहीतरी घडव. मन मागाहून येतं.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेसहाशेहून अधिक तरुणांकडून सलग 13 दिवस रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. कुणी विणलं, कुणी नवा पदार्थ केला, कुणी चित्र काढलं, कुणी गाणं रचलं. ज्या दिवशी असं काही हातून झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उभारी जास्त असायची. आज मन प्रसन्न, म्हणून उद्या जास्त काही घडलं, असं मात्र दिसलं नाही. आधी हात, मग मन, असा हा क्रम आहे.

आपल्या बहिणाबाई चौधरींचंच बघ. आसोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐन तिशीत वैधव्य आलं. तरी दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत राहिल्या. घरातल्यांनी टिपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि त्यांचं पुस्तक निघालं 1952 साली. ओव्या त्यांनी रचल्या त्या ना नावासाठी, ना छापून येण्यासाठी. आणि त्या एकट्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्यांना दुःख सांगायला जागा नव्हती, त्या बायांनी ते दळता दळता ओवीत घातलं आणि दिवस पुढे ढकलला.

तुला ओव्या रच म्हणत नाही. दिवाळी तोंडावर आली आहे, आकाशकंदील कर. लहानपणी गल्लीत तुझ्यासारखा कंदील कुणाचा नसायचा. बुरूड आळीतून कामट्या आण. दोऱ्याने सांधा बांधताना कोन केसभर सरकला तरी कंदील कलतो, म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. खळ जास्त झाली की पतंगी कागद सुरकुततो, कमी पडली की कडा उचलते. बोटं त्यात गुंतली, की ‘पुढे काय होणार’ या प्रश्नाला तेवढा वेळ शिरकाव मिळत नाही. दिवाळी सरली की दुसरं काही धर. मेसच्या भाजीला वेगळी फोडणी दे, वहीच्या मागच्या पानावर समोरची खिडकी काढ. सुबक झालंच पाहिजे असं नाही.

दोन पथ्यं मात्र पाळ. फोन दूर ठेव. आणि जे घडेल त्याचा फोटो लगेच स्टेटसला टाकू नकोस. तुझ्या आयुष्यात गुण देणारे आधीच पुष्कळ आहेत, ही जागा त्यांच्यापासून मोकळी राहू दे.

आणखी एक, हे नीट ऐक. झोप, भूक दोन आठवडे उडालेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ते कंदिलाने भागणारं दुखणं नाही. लगेच मला सांग, डॉक्टरांना भेट. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. त्यात लाज कसली?

पुढची परीक्षा येईल तेव्हा येईल, तू ती जिद्दीने देशील याची मला खात्री आहे. पण त्या निकालावर तुझा रोजचा दिवस टांगून ठेवू नकोस. दिवसातला अर्धा तास तुझ्या मालकीचा असू दे. आजपासूनच सुरुवात कर.

तुझी,
आत्या