उमेदवाराचाही उतारा पाहावा



संचालक मंडळाची निवडणूक जवळ आली की शिवारात दोनच शब्द ऐकू येतात, ‘सत्ताधारी’ आणि ‘परिवर्तन’. परवा खोडव्याच्या पाहणीला गेलो असता बांधावरच एक सभासद म्हणाले, “साहेब, औंदा नवा माणूस पायजे.” शेजारचे काका लगेच म्हणाले, “नवख्याच्या हाती दिला तर बॉयलर पेटायचा न्हाई.” आम्ही विचारले, आपल्या गटातून उभे कोण आहे? दोघांनाही नावे सांगता आली नाहीत.

मत कोणाला द्यावे हे सांगणे आमचे काम नव्हे, आम्ही पगारी नोकर. पण बेणे कसे पारखावे हे सांगणे आमचेच काम. को ८६०३२ ही जात १९९६ साली प्रसारित झाली. ती निव्वळ नवी म्हणून रुजली नाही. लागणीला टनेज किती, खोडवा कसा फुटतो, उतारा किती, हे रानात दिसले तेव्हा शेतकऱ्याने जुन्या जाती सोडल्या.

जुन्या संचालकाचा हिशेब वार्षिक अहवालात छापलेला असतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळाली पाहिजे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. किती हंगामांत ही मुदत पाळली? उतारा वाढला की घटला? २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये असा दर होता. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढला तर टनामागे ३४६ रुपये! शिवाय तोडणी-वाहतूक खर्च, मिलचे बंद तास आणि कर्ज पाहावे. मात्र न्यायानेच पाहावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस बुडाला. त्या हंगामाचे घटलेले गाळप संचालकांच्या माथी कसे मारणार? अशा वेळी शेजारच्या कारखान्याचा आकडा बाजूला ठेवून बघावा.

नवख्याची पाटी कोरी असते असे लोक समजतात, ते काही खरे नाही. तो विकास सोसायटीचा चेअरमन होता काय? मग तिथली वसुली किती, लेखापरीक्षणात वर्ग ‘अ’ मिळाला की ‘क’? दूध संस्थेत होता, तर बिले वेळेवर निघाली काय? स्वतःचा ऊस तो आपल्याच कारखान्याला घालतो, की चार पैसे जादा दिसले की दुसरीकडे पाठवतो? वार्षिक सभेत त्याने कधी ताळेबंदावर प्रश्न विचारला काय? आणि कित्येकदा ‘परिवर्तन’वाला दहा वर्षांपूर्वी याच मंडळात बसलेला निघतो! तेव्हाचा अहवालही काढावा.

मागच्या हंगामांचे अहवाल बहुतेकांच्या घरी माळ्यावर पडलेले असतात. ते खाली काढून धूळ झटका, आणि उमेदवार मत मागायला दारात आला की चहा देऊन अहवाल त्याच्यापुढे ठेवा.

— ऊस विकास अधिकारी