गिरणी वाचवायची तर वरचे रान राखा

इंग्लंड देशात यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तेथे रिपन गावाजवळ स्केल नावाची लहान नदी वाहते. तिच्या काठी फाउंटन्स अ‍ॅबी आहे. अ‍ॅबी म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. हा मठ ११३२ साली स्थापन झाला. १५३९ साली राजा आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद केला गेला. आज तेथे छप्पर नसलेल्या उंच दगडी भिंती उभ्या आहेत.

मठाजवळची साधूंची गिरणी मात्र अजून धड आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीसारखी तीही पाण्यावर चाले. पाण्याने चाक फिरायचे आणि चाकाने जाते. बाराव्या शतकात बांधलेल्या ह्या गिरणीत १९२७ पर्यंत धान्य दळले गेले. मठ बंद पडला, पण गिरणी काही थांबली नाही! १९८६ साली हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरला.

गुरुजींनी वर्गात विचारले, "ह्या जागेला आता मोठा धोका कशाचा?" मी पटकन म्हणालो, "चोरांचा!" सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "पाण्याचा." ज्या पाण्याने जाते फिरवले, त्याचीच आता भीती. जोराचा पाऊस झाला की स्केल नदीला पूर येतो. वरच्या रानातली माती वाहून येते. मठाच्या खालच्या अंगाला अठराव्या शतकातली सुंदर बाग आहे. तिच्या तळ्यांत गाळ साचतो.

मला वाटले, नदीला मोठी भिंत घालावी. पण तेथे वेगळेच केले. नॅशनल ट्रस्ट ही संस्था ही जागा सांभाळते. तिने नदीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना बरोबर घेतले. झाडे लावली, लहान तळी केली. त्यामुळे पाणी वाटेत थांबते, माती तेथेच बसते आणि नदी एकदम चढत नाही.

घरी हे आजोबांना सांगितले. ते म्हणाले, "बाळा, त्यात नवल काय? वरचा बांध फुटला की खालच्या विहिरीत गाळ यायचाच."

तेव्हा मला आपल्या गावची जुनी बारव आठवली. दर उन्हाळ्यात आपण श्रमदानाने तिचा गाळ काढतो. पावसाळ्यात ती पुन्हा भरते. ओढ्याच्या वरची झाडे मात्र कोणी राखत नाही. पालकहो, ह्या वर्षी गाळ काढून झाला की पहिल्या पावसात वरच्या अंगाला करंज आणि कडुनिंबाची रोपे लावू या का? पाणी घालायला आम्ही मुले आहोतच.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी