अंगणातील हिरवळ : दूर्वा, दूब आणि हरळी



आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे जे गवत शाळेच्या पुस्तकात 'दूब' होते, तेच घरी देवपूजेच्या वेळी 'दूर्वा' होत असे. पुढे महाराष्ट्रातील एका नातलगाच्या शेतावर गेलो, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "या हरळीने नाकी नऊ आणले!" जवळ जाऊन पाहिले तर तीच आपली दूर्वा! एका घरी गणपतीला एकवीस जुड्यांनी वाहिली जाणारी, दुसरीकडे शेतकऱ्याची वैरीण. शास्त्रात तिचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावात 'कुत्र्याचा दात' आणि 'बोट' असे दोन शब्द दडले आहेत. तिच्या तुऱ्याच्या काड्या खरोखरच पसरलेल्या बोटांसारख्या दिसतात.

आज या गवताविषयी लिहिण्याचे कारण घरगुती आहे. लष्कर भागातील जुन्या घरांची अंगणे एकामागून एक फर्शी आणि टाइल्सखाली जात आहेत. आमच्या घरीही हाच प्रस्ताव आला. चिरंजीव म्हणाले, "झाडलोट सोपी होईल, गाडी उभी राहील." आमच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, "मग चतुर्थीला दूर्वा बाजारातून आणायच्या का?" शेवटी निम्मे अंगण गाडीला आणि दहा फूट बाय दहा फुटांचा तुकडा हिरवळीला, असा तह झाला.

पहिल्या वेळी आम्ही सपशेल फसलो, हे आधीच कबूल करतो. शाळेला सुट्टी म्हणून मुहूर्त मे महिन्याचा धरला. एका रोपवाटिकेतून तयार गवताच्या गाद्या आणल्या. त्या रात्रभर गुंडाळलेल्याच राहिल्या आणि सकाळी, मलबा न काढता, नुसती वरची माती सारखी करून आम्ही त्या अंथरल्या. दोन दिवस दृष्ट लागावी असे अंगण दिसले. दहाव्या दिवशी त्याची चटई झाली.

असे का झाले, हाच आजचा पाठ.

गादी कापताना गवताची बरीचशी मुळे तुटून शेतातच राहतात. पाने मात्र सगळी शाबूत असतात आणि उन्हात त्यांतून पाणी उडत राहते. खर्च पूर्वीइतकाच आणि कमाई जवळजवळ बंद, अशी त्या गवताची अवस्था होते. ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या पुढे जातो, वर लू वाहते. अशा वेळी नवी मुळे फुटण्याआधीच पाने करपतात. शिवाय गुंडाळलेल्या गादीत गवताचा श्वास चालूच असतो. त्याची ऊब आत कोंडते आणि पाने पिवळी पडतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. मे महिना खणण्यासाठी आणि जुलै लावण्यासाठी, असे ठरवले. क्रम असा ठेवला :

१. जागा. दूर्वेला दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. कडुनिंबाच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते. तिथे कुंड्या ठेवाव्यात, हट्ट धरू नये.

२. खणणे. आठ-नऊ इंच खणून विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे आणि चुना काढून टाकला. माती तीन आठवडे उन्हात तापू दिली. मोथ्याच्या गाठी हाताने वेचाव्या लागतात, एक राहिली तरी तिची दहा होतात. मग पाणी शिंपडून तण उगवू दिले व उपटले, असे दोनदा केले.

३. खत आणि उतार. पूर्ण कुजलेल्या शेणखताचा एक इंच थर मातीत मिसळला. कच्च्या शेणाने वाळवी येते. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांस सव्वा इंच उतार ठेवला, म्हणजे पावसाचे पाणी पायात मुरत नाही. मातीची पातळी वाटेपेक्षा इंचभर खाली ठेवली, कारण गादीला स्वतःची जाडी असते.

४. अंथरणे. ज्या दिवशी गाद्या कापल्या, त्याच दिवशी आणल्या आणि संध्याकाळच्या आत लावल्या. घेताना गुंडाळी उघडून पाहावी. आतून गवत हिरवे, माती ओलसर आणि मुळे पांढरी हवीत. खालची जमीन आधी ओली केली. सरळ कडेपासून सुरुवात करून विटांच्या भिंतीप्रमाणे सांधे चुकवत गाद्या लावल्या. त्या ताणू नयेत, ताणलेली गादी वाळल्यावर आखडते आणि फट पडते. फटींत बारीक माती भरली, वर फळी ठेवून थोपटले आणि खाली तीन-चार इंच ओल जाईल इतके पाणी लगेच दिले.

५. पुढचे तीन आठवडे. पहिले पंधरा दिवस, पाऊस नसेल तेव्हा, सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे पाणी. मग गादीचा कोपरा हलकेच उचलून पाहिला. तो मातीला धरून राहिला, म्हणजे मुळे उतरली. त्यानंतर पाणी क्वचित पण खोलवर द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. तीन आठवडे त्यावर कोणी चालले नाही, क्रिकेटही नाही! गवत अडीच-तीन इंच झाल्यावर पहिली कापणी केली, तीही उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही.

डिसेंबर-जानेवारीत हे गवत भुरकट होईल. ते मेलेले नसते, थंडीत निजलेले असते. त्या वेळी घाबरून खत-पाण्याचा मारा करू नये.

आता थोडे गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फूट म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. उन्हाळ्यात आठवड्याला २५ मिलिमीटर धरले, तर सुमारे २३२ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंधरा-सोळा बादल्या. बाजू दुप्पट केली की पाणी चौपट! आपल्या शहराची तहान मुख्यतः सांक नदीवरील तिघरा धरण भागवते. पाऊस कमी झाला की नळाला एक दिवसाआड पाणी, हे आपण अनेकदा अनुभवले आहे. म्हणून आम्ही तुकडा लहानच ठेवला. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्याला जाते, साबणाचे नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, तेही रोज घालू नये.

ज्यांना गाद्यांचा खर्च परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. दूर्वा जमिनीवरून आणि जमिनीखालून अशा दोन्ही वाटांनी धावते, प्रत्येक पेराशी मूळ धरते. पहिल्या पावसानंतर मुळासकट काड्या आणून चार-चार इंचांवर खोचल्या, तर पावसाळा संपेपर्यंत जमीन बरीचशी झाकते. गादीने वेळ वाचतो, एवढाच फरक.

आपल्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या, हे मुलांना पाठ आहे. मूळचे हॉकीचे असलेले ते मैदान ज्या माळ्यांनी हिरवे राखले, त्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. मित्रांनो, एक छोटा तुकडा स्वतः राखून पाहा, म्हणजे त्या कष्टांची किंमत कळेल.

विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती. शाळेच्या आवारात फरसबंदीचा विचार होईल, तेव्हा एक कोपरा मातीचा राहू द्यावा. पाऊस मुरायला जमीन हवी आणि मुलांच्या पायांना माती.

या वर्षी चतुर्थीच्या सकाळी मातोश्रींनी आमच्याच अंगणातून दूर्वा खुडल्या. जुड्या बांधायला चिरंजीव बसले होते. गाडी थोडी तिरपी उभी करावी लागते, पण त्याबद्दल आता घरात कोणी बोलत नाही.

गृहपाठ : आपल्या अंगणाची किंवा गच्चीची लांबी-रुंदी मोजा. तेथे २५ मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर पाणी होईल आणि ते कोठे वाहून जाते, हे पाहून लिहा.