समुद्रांतील पाळणे

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर, कांहीं मैलांवर भर समुद्रांत उघड्या खडकांचा एक समूह आहे. त्यास ‘वेंगुर्ला रॉक्स’ असें म्हणतात. तेथें दीपगृह आहे. परंतु गांव नाहीं, शेत नाहीं. नकाशांत ठिपक्याएवढी ही जागा सुरय पक्ष्यांचें सूतिकागृह होय.

सुरय हा लांब, निमुळत्या पंखांचा पक्षी मासे खाऊन जगतो. समुद्रावर तो दिवसचे दिवस काढील. पण अंडें कांहीं लाटेवर घालतां येत नाहीं. त्यासाठीं जमीन हवी, आणि तीहि अशी कीं, जेथें उंदीर, मांजर, कोल्हा पोहोंचणार नाहीं. म्हणून तो एकान्तांतील बेट शोधतो. खडकाच्या खोबणींत किंवा उघड्या दगडावर त्याचीं अंडीं असतात. कांहीं जातींची मादी एका हंगामांत एकच अंडें घालते.

आईबाप अंड्यावर बसतात तें केवळ ऊब देण्यासाठीं, असें आपणांस वाटतें. परंतु भर उन्हांत तीं त्यास सावलीहि देत असतात. अशा वेळीं बेटास होडी लागली आणि सहलीची मंडळी उतरली, कीं सारा थवा कलकलाट करीत उडतो. मंडळी म्हणतात, “काय सुंदर देखावा!” इकडे तापलेल्या दगडावर अंडें भाजून निघतें आणि पिलूं उन्हानें तडफडतें. कोणी दगड मारला नाहीं, अंडें उचललें नाहीं. तरी त्या वर्षाची संतति गेली. होडींतून उंदीर उतरले, तर पुढील वर्षांचीहि आशा उरत नाहीं.

इंग्लंडांत समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा इ. स. १८६९ मध्यें झाला. भारतांत वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला. लक्षद्वीपांतील पिट्टी हें वृक्षहीन, निर्जन बेट तर समुद्रपक्ष्यांसाठीं राखून ठेवलें आहे. परंतु प्रत्येक खडकावर पहारेकरी कोठून आणावा? तेथें आपला विवेक हाच पहारेकरी.

याकरितां विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आमची विनंति आहे कीं, अंडींपिलांच्या दिवसांत अशा बेटांवर पाऊल ठेवूं नये. होडी दूर उभी करून दुर्बिणींतून पाहावें. घरांत तान्हें मूल निजलें असतां आपण दाराशींच थबकतों. तेवढेंच येथें करावयाचें आहे.