आमच्या साइडने सगळं क्लिअर आहे

हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका. निदान सर्व्हरवर स्वतः बसून खात्री करेपर्यंत तरी नको.

एका मोठ्या हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट पोर्टल आमच्याकडे होतं. सर्व्हर त्यांच्या आतल्या नेटवर्कवर, बाहेर जायच्या वाटा बंद. ते योग्यच, रुग्णांची माहिती जिथे असते तिथे असंच हवं. मेल फक्त रिलेमार्फत, म्हणजे मेल पुढे धाडणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत, पोर्ट २५ वरून आणि एन्क्रिप्शनसह जाणार, असं ठरलं होतं.

पोर्टल ‘मेल पाठवला’ दाखवायचं, रुग्णाला काही मिळायचं नाही. पीएचपीचं मेल फंक्शन होकार देतं, तो फक्त मेल सर्व्हरवरच्या पोस्टफिक्स या मेल प्रोग्रामच्या हवाली झाला म्हणून. पुढे अडकला, तर पोस्टफिक्स एरवी पाच दिवस प्रयत्न करत राहतो, मगच मेल परत येतो. तोवर बदललेल्या तारखेचा पत्ताच नसलेला म्हातारा माणूस ओपीडीच्या बाकावर ताटकळत बसलेला.

लॉग सांगत होता, रिले टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, देतच नाही. रिलेवाले म्हणत, देतो. नेटवर्क कंत्राटदाराचा इंजिनिअर स्वतःच्या लॅपटॉपवरून टेस्ट करून दाखवायचा. त्याची वाट वेगळी, सर्व्हरची वेगळी, हे मी सांगितलं तर अ‍ॅडमिन साहेब म्हणाले, “आता तुम्ही त्यांना नेटवर्क शिकवणार का?” वर इंजिनिअरचा सल्ला, “एन्क्रिप्शन काढून टाका सर, जाईल मेल.” रुग्णांची नावं उघड्यावर पाठवायची? मी साफ नकार दिला.

मग सर्व्हरवरूनच टेलनेट केलं. रिलेचं नाव दिसायला हवं तिथे २२० आणि पुढे ओळभर तारे. एहलो ही आज्ञा दिल्यावर एन्क्रिप्शन सुरू करणाऱ्या स्टार्टटीएलएस या शब्दाच्या जागी सात एक्स आणि शेवटी एक ए. कुठलाही मेल सर्व्हर आपणहून असं बोलत नाही. मधल्या फायरवॉलचं मेल इन्स्पेक्शन तो शब्द खोडत होतं, म्हणजे दोष नेटवर्कवाल्यांच्याच बाजूला. इंजिनिअरने स्क्रीन पाहिली, “चेक करतो” म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत मेल जायला लागले. त्याच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘अ‍ॅप्लिकेशन इश्यू रिझॉल्व्ह्ड’! ते अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा टेस्ट त्याच सर्व्हरवरून करा. ‘टाइम्ड आउट’ आलं तर बहुतेक फायरवॉल गुपचूप अडवतंय; ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा त्या पोर्टवर सेवाच चालू नाही. मेलची रांग रोज बघा. रिलेचा बाहेरचा आयपी डोमेनच्या एसपीएफ नोंदीत घाला, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाण्याची भीती. मेलमध्ये आजाराचं निदान, औषधं लिहू नका. तारीख, वेळ आणि लॉगिनची लिंक पुरे. कॉन्फिगरेशनचा बॅकअप ठेवा. फायरवॉलचा नियम कुठून कुठे, कोणत्या पोर्टवर, हे लेखी मागा.

आणि काम संपलं की खरं कारण स्वतःच्या शब्दांत लिहून, स्क्रीनशॉट जोडून, वरिष्ठांना सीसी करून त्याच दिवशी पाठवा. समोरच्याच्या रिपोर्टची वाट बघू नका.