टेन्शन गेलं म्हणून गोळ्या बंद?

फिट्सच्या पेशंटसोबत घरचं कुणी आलं की एक वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, त्यानं टेन्शन घेतलं ना, म्हणून फिट आली." इथवर माझी फारशी तक्रार नसते. त्यापुढचं ऐकलं की मात्र माझा पारा चढतो. "आता टेन्शन घेणार नाही म्हणतोय, मग गोळ्या बंद करूया?"

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. डोक्याला लागलेला मार, मेंदूतली जंतांची गाठ, आनुवंशिकता अशी कारणं असतात, आणि पुष्कळांत कारण सापडतही नाही. आजार आधीच असेल तर ताणाच्या दिवसांत फिट येऊ शकते, हे मान्य. पण त्या दिवसांत काय काय बिघडतं ते बघा. झोप उडते, जेवण राहतं, कुणी दारू जवळ करतं आणि गोळी हमखास विसरते. टेन्शनला शिव्या देताना या चौघांकडे कुणाचं लक्षच नसतं.

पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा आठवतो. सकाळी दात घासताना हाताला झटका बसून ब्रश उडायचा, चहा अंगावर सांडायचा. परीक्षेच्या तोंडावर एका सकाळी मोठी फिट आली. गावाहून धावत आलेल्या वडिलांचं निदान तयार होतं: परीक्षेचं टेन्शन. मुलाला एकट्याला आत घेऊन विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. गोळीनं झोप येते म्हणून तो रात्रीचा डोस टाळून पहाटेपर्यंत अभ्यासिकेत बसायचा. पोरांना दिसू नये म्हणून गोळ्या बॅगेच्या तळाशी दडवलेल्या. किशोरवयात सुरू होणाऱ्या, सकाळी हातांना झटके देणाऱ्या या प्रकाराला जागरण मुळीच सोसत नाही. परीक्षा देऊ नको, असं मी त्याला सांगितलं नाही. औषध आणि वेळ बदलली, रात्री अकराला दिवा बंद करायला लावला आणि एका तरी रूममेटला खरं सांग म्हटलं. हे शेवटचं वडिलांना सगळ्यात जड गेलं. "उद्या लग्न जमवायचंय हो, साहेब."

माझ्या मते रोजचा खरा ताण या लपवाछपवीचाच असतो. सासरी गोळ्या लपवणाऱ्या मुलीचे डोस चुकणारच. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून अपस्मार १९९९ साली वगळला गेला. आपल्या बैठकीच्या खोल्यांतून तो अजून गेलेला नाही. आजार सांगूनच लग्न करा. अपस्मार असलेल्या बायका आई होतात, मुलं सांभाळतात. फक्त दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटा, कारण व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक ठरू शकतं. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून स्वतःच औषध तोडणं, हा त्याहून वेगळा आणि तितकाच मोठा घोळ.

आता मोबाईलवरच्या वैद्यांविषयी. "कपालभातीनं फिट्स मुळापासून जातात" हे मला दर आठवड्याला कुणीतरी दाखवतं. ईईजी काढताना आम्ही पेशंटला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, तो कशासाठी? फिट्सच्या खुणा उमटाव्यात म्हणून! संथ श्वास, चालणं, भजन, गप्पा खुशाल करा. झपाट्यानं श्वास घेण्याचे प्रकार विचारल्याशिवाय नकोत. आणि "साइड इफेक्ट नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या? अशा काही पुड्यांत फेनोबार्बिटोनची भुकटी सापडलेली आहे, म्हणजे आमचंच जुनं औषध, मात्रेचा पत्ता नसलेलं. पुडी संपली की फिट्स एकामागून एक सुरू होतात आणि मग आमची आठवण होते.

घाबरून जाऊ नका. योग्य औषध नियमित घेतलं तर दहांतले सातजण फिट्सशिवाय जगू शकतात. काही वर्षं फिट न आल्यास काहींच्या गोळ्या आम्हीच हळूहळू उतरवतो. तोवर नवरात्रात कडक उपवास नको, गणपतीत रात्रभर जागणं नको. लेव्हेटिरासेटाम सुरू झाल्यापासून चिडचिड वाढली असेल, तर स्वभावाला दोष देण्याआधी मला सांगा. ती औषधाचीही असू शकते, आणि औषध बदलता येतं. सतत उदास वाटणं, जीव नकोसा होणं हे अंगावर काढू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

फिट आल्यावर कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवा. तोंडात चमचा तर अजिबात नको, दात तुटतात. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटं झाली, शुद्ध येण्याआधीच दुसरी फिट आली, पाण्यात आली, गरोदर बाईला आली किंवा आयुष्यातली पहिलीच असली, तर कुणाचा सल्ला घेत बसू नका, १०८ला फोन लावा. रुग्णालयात जाताना रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. "पांढरी, छोटी गोळी" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.