निष्पर्ण वृक्षाचा धडा

सुखाच्या दिवसांत सृष्टीकडे पाहून आनंद वाटणें ही कांहीं कठीण गोष्ट नव्हे. आंब्याला मोहोर आला, किंवा पहिल्या पावसानें मातीला सुवास सुटला, म्हणजे कोणाचेंहि मन प्रफुल्लित होतें. परंतु ज्या ऋतूंत सृष्टि आपलें सर्व वैभव टाकून मृतवत् उभी असते, त्या ऋतूंत तिच्यापासून मनुष्याला धीर मिळतो काय? आणि मिळत असेल तर तो खरा धीर, कीं मनाची नुसती समजूत? हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नव्हे. ज्या घरांत मिळवता मनुष्य अंथरुणाला खिळला आहे, ज्या विद्यार्थ्याचें वर्ष वाया गेलें आहे, ज्या शेतकऱ्याच्या हातचें पीक गेलें आहे, त्या प्रत्येकापुढें तो कधीं ना कधीं उभा राहतोच. म्हणून या लेखांत एका झाडाची, एका तरुणाची आणि एका भयंकर हिवाळ्याची हकीकत सांगून तींतून आपणांस काय शिकतां येईल तें पाहावयाचें आहे.

ही हकीकत फ्रान्स देशाकडील आहे. आपला हिवाळा सौम्य. दख्खनच्या पठारावर पौषांत कडाका पडला तरी शेतांत गहूं-हरभरा हिरवागार डोलत असतो, आणि शेकोटी व घोंगडी एवढ्यावर आपली थंडी भागते. तिकडील गोष्ट निराळी. तेथें मार्गशीर्ष-पौषांत सूर्य उशिरां उगवतो व दुपार सरते न सरते तोंच मावळतीला लागतो. तळीं गोठतात, जमीन दगडासारखी कठीण होते, आणि सफरचंद, अक्रोड इत्यादि वृक्षांवर एकहि पान उरत नाहीं. ज्यानें तीं झाडें पूर्वीं कधीं पाहिलीं नाहींत, त्याला तीं मेलीं असेंच वाटेल.

लोरेन प्रांतांतील एरिमेनिल नांवाच्या खेड्यांत इ. स. १६१४ च्या सुमारास निकोला हेर्मां याचा जन्म झाला. तो अठरा वर्षांचा असतां हिवाळ्यांत एके दिवशीं त्याची दृष्टि पानें झडून गेलेल्या एका झाडावर पडली. त्याच्या मनांत विचार आला कीं, थोड्याच काळानें या उघड्या फांद्यांना पुन्हां पानें फुटतील, मग फुलें येतील, मग फळें धरतील. विचार अगदीं साधा. परंतु त्या क्षणीं ईश्वराच्या सामर्थ्याचा व त्याच्या काळजीवाहूपणाचा जो ठसा त्याच्या अंतःकरणावर उमटला, तो पुढें आमरण पुसला गेला नाहीं. ही हकीकत त्यानें इ. स. १६६६ मध्यें, वयाची पन्नाशी उलटल्यावर, झोझेफ द बोफोर नांवाच्या धर्माधिकाऱ्यास सांगितली व त्यानें ती लिहून ठेविली. म्हणून ती आज आपणांस कळते.

आतां कोणी म्हणेल कीं, झाड पाहिलें, श्रद्धा उपजली, आणि मग त्याचें सर्व कांहीं सुरळीत चाललें असेल. परंतु तसें झालें नाहीं. त्या वेळीं मध्य युरोपांत तीस वर्षांचें युद्ध (१६१८-१६४८) पेटलें होतें. निकोला सैन्यांत शिरला. जर्मन शिपायांनीं त्याला हेर समजून पकडलें. त्यांतून तो सुटला. पुढें १६३५ मध्यें स्वीडिश सैन्याशीं झालेल्या चकमकींत तो जखमी झाला व जन्माचा लंगडा झाला. नंतर एका बड्या गृहस्थाच्या घरीं तो हुजऱ्या राहिला. तेथें आपल्या हातून प्रत्येक वस्तु फुटत असे, असें तो स्वतःच सांगे. शेवटीं १६४० मध्यें पॅरिस येथील कार्मेलाइट पंथाच्या मठांत त्याचा प्रवेश झाला व ब्रदर लॉरेन्स हें नांव त्याला मिळालें. मठांत त्याच्या वांट्यास काय आलें, तर स्वयंपाकघर! त्या कामाचा त्याला मुळांत तिटकारा होता. तरी सुमारें पंधरा वर्षें तें त्यानें मनोभावें केलें. आणि पुढें पाय अधिक दुखूं लागला तेव्हां मठांतील लोकांचीं पादत्राणें दुरुस्त करण्याचें काम पत्करिलें. १६९१ च्या फेब्रुवारींत, ऐन हिवाळ्यांतच, तो वारला. त्याच्या संभाषणांचें व पत्रांचें लहानसें पुस्तक नंतर प्रसिद्ध झालें, आणि स्वयंपाकघरांतील भांडीं घासतां घासतांहि ईश्वराचें सान्निध्य कसें राखावें हें त्यांतून आजपर्यंत असंख्य लोक शिकत आले आहेत.

तेव्हां त्या झाडानें निकोलाचा हिवाळा संपविला नाहीं. त्याचा खरा हिवाळा तर त्यानंतर सुरू झाला. झाडानें एवढेंच केलें कीं, हिवाळ्यांत उभें राहावयाचें कसें हें त्याला शिकविलें.

निकोलाला वाटलें कीं पानें पुढें येणार आहेत. वनस्पतिशास्त्र याहूनहि नवलाची गोष्ट सांगतें: तीं पानें त्या वेळींहि झाडावर होतींच! थंड प्रदेशांतील बहुतेक पानझडी वृक्ष पुढील वर्षाचे डोळे आदल्या उन्हाळ्यांतच तयार करून ठेवितात. पानाच्या बगलेंत एक बारीक डोळा धरतो. त्यांत पुढील वर्षाचीं कोंवळीं पानें, आणि कित्येक झाडांत फुलेंसुद्धां, घडी घालून ठेविलेलीं असतात, व त्यांवर खवल्यांचें घट्ट आवरण असतें. शरदांत दिवस लहान होऊं लागले म्हणजे झाड जुन्या पानांतील उपयुक्त द्रव्यें परत आपल्या खोडांत ओढून घेतें, देंठाच्या बुडाशीं बुचासारखा पातळ पडदा धरतें, आणि मग पानाला सोडून देतें. म्हणजे पानें झडणें हा वृक्षाचा पराभव नव्हे. ती त्यानें वेळेवर केलेली आवराआवर आहे. पुढें थंडी वाढूं लागली कीं पेशींत सांठविलेल्या पिठूळ द्रव्याची साखर होते, आणि पेशींतील कांहीं पाणी बाहेर येऊन मधल्या पोकळींत गोठतें. त्यामुळें बर्फाचे कण पेशींना आंतून फाडीत नाहींत व जीवद्रव्य वांचतें. वरून मेल्यासारखें दिसणारें झाड आंतून असें सावध असतें.

थंडी केवळ शत्रूच असते असेंहि नाहीं. सफरचंदाच्या बहुतेक जातींस हिवाळ्यांत कित्येक शें तास गारवा मिळाल्याखेरीज वसंतांत नीट बहर येत नाहीं. त्याच्या मोठ्या बागा काश्मीर व कुलू यांसारख्या थंड मुलखांत असण्याचें हें एक कारण आहे. युरोपांत शरदांत पेरलेला गहूं थंडी भोगल्यावांचून वेळेवर ओंबीवर येत नाहीं. शेतांवर पडणारें हिमदेखील एका परीनें पांघरूणच आहे. नव्या भुसभुशीत हिमाचा बहुतेक भाग हवेनें व्यापलेला असतो. म्हणून तें गोधडीप्रमाणें खालची ऊब निसटूं देत नाहीं. वर हवेचा पारा शून्याखालीं वीस अंश उतरला तरी हिमाच्या जाड थराखालची जमीन शून्याच्या आसपासच राहते, आणि कोंवळीं रोपें जगतात.

झाड एकटें उभें राहूं शकतें. मधमाशीला तें साधत नाहीं. तिकडील मधमाशा हिवाळ्यांत पोळ्यामध्यें एकमेकींना बिलगून चेंडूसारखा घोळका करितात. बाहेरच्या थरांतील माशा डोकीं आंत करून दाटीनें बसतात व भिंतीचें काम करितात; आंतील माशा पंख न हालवितां केवळ उडण्याचे स्नायु थरथरवून उष्णता उत्पन्न करितात. बाहेर पाणी गोठत असतांहि घोळक्याच्या मध्यभागीं वीस अंशांहून अधिक ऊब राहते. बाहेरच्या माशा नेहमींच बाहेर राहत नाहींत. त्या हळूहळू आंत येतात व आंतल्या बाहेर जातात. इंधन कोणतें, तर उन्हाळ्यांत सांठविलेला मध. उन्हाळ्यांतील कामकरी माशी सुमारें सहा आठवडे जगते. पण हिवाळा काढणारी माशी कित्येक महिने टिकते. एकट्या माशीला ती रात्र पार पडत नाहीं. सर्वांनीं मिळून ती पार पडते.

येथवर सर्व गोड वाटतें. परंतु सत्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. हिवाळा मारतोहि. इ. स. १७०९ च्या जानेवारीच्या आरंभीं फ्रान्सवर अशी कांहीं थंडी कोसळली कीं सेन नदी गोठली, झाडांचे बुंधे उकलले, आणि खुद्द व्हर्सायच्या राजवाड्यांत बाटल्या फुटल्याचें दरबारी लोकांनीं लिहून ठेविलें आहे. जानेवारीच्या अखेरीस थोडी ऊब आली व शेतांवरील हिम वितळलें. लोकांना वाटलें, सुटलों. परंतु फेब्रुवारींत थंडी परतली, आणि आतां गव्हावर तें पांघरूण नव्हतें. ओलीं शेतें गोठलीं व गव्हाचीं मुळें जमिनींतच मेलीं. पुढें महागाई, उपासमार व रोगराई यांनीं त्या वर्षीं व पुढील वर्षीं नेहमींपेक्षां सुमारें सहा लक्ष माणसें अधिक मेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या लोकांतहि श्रद्धाळु माणसें असतीलच. म्हणून जो कोणी म्हणेल कीं सृष्टीकडे पाहा म्हणजे तुमच्यावर संकट येणार नाहीं, त्यानें हा इतिहास वाचलेला नाहीं असें समजावें.

मग त्या वसंतांत धीर कोठें होता? तो शेतकऱ्यांच्या हातांत होता. गहूं पुन्हां फुटेल या आशेनें त्यांनीं कांहीं काळ वाट पाहिली. पण मातींत हात घालून पाहिल्यावर मुळें कुजलेलीं आढळलीं. तेव्हां ज्यांना बीं मिळालें त्यांनीं जमीन पुन्हां नांगरली व तींत जव पेरला. जवाच्या वसंती जातींना गव्हाप्रमाणें थंडी भोगावी लागत नाहीं. वसंतांत पेरला तरी उन्हाळ्यांत तो कापणीस येतो. त्या उन्हाळ्यांत जवाचें पीक भरघोस आलें, आणि कित्येक कुटुंबें त्या भाकरीवर तगलीं. बियाणें फार महाग होतें, पोटांत अन्न नव्हतें, आणि हातांतला मूठभर जव खावा कीं पेरावा असा प्रश्न होता. ज्यानें तो पेरला त्याच्या श्रद्धेला आपण नुसती आशा म्हणूं नये. ती काम करणारी श्रद्धा होती.

याच देशांतील आणखी एक उदाहरण देऊन हा भाग संपवितों. दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतांत जैतुनाचीं झाडें पुष्कळ. १९५६ सालीं जानेवारी महिना उबदार गेल्यानें झाडांत रस चढूं लागला होता. तों फेब्रुवारींत एकाएकीं कडाक्याची थंडी पडली. लक्षावधि झाडें जमिनीच्या वर पार मेलीं. कित्येक शेतकऱ्यांनीं निराश होऊन जैतुनाची लागवडच सोडली. परंतु ज्यांनीं मेलेलीं खोडें जमिनीसरशीं कापून मुळें राखलीं, त्यांना कांहीं काळानें बुंध्याभोंवतीं नवे कोंब फुटलेले दिसले. आज तिकडे एकाच बुंध्यांतून दोन-तीन खोडें वर आलेलीं जैतुनाचीं झाडें दिसतात, त्यांतील पुष्कळ या कापणीनंतरचीं आहेत. पूर्वींचें झाड परत आलें नाहीं. पण मूळ तेंच, आणि फळहि तेंच.

प्रिय विद्यार्थिमित्रहो, या सर्वांचें तात्पर्य काय? सृष्टि आपणांस असें सांगत नाहीं कीं दुःख म्हणून कांहीं नाहींच. ती तीन गोष्टी सांगते. पहिली, पुढच्या वसंताचा डोळा आदल्या उन्हाळ्यांतच धरावा लागतो. बऱ्या दिवसांत केलेला अभ्यास, लावून घेतलेली चांगली संवय, जोडलेली मैत्री व नित्याची प्रार्थना हींच वाईट दिवसांत उपयोगी पडतात. दुसरी, थंडींत एकमेकांजवळ सरकावें. आणि जो आंत ऊबेंत आहे त्यानें पाळीपाळीनें बाहेरच्याला आंत घ्यावें. तिसरी, जें मेलें तें मेलें असें धैर्यानें मान्य करून, मूळ जिवंत असेल तेथें तें राखावें, नसेल तेथें नवें बीं पेरावें. आईबापांनाहि एक विनंती: मुलाच्या एखाद्या वर्षाच्या उघड्या फांद्या पाहून तें झाड वठलें असा निवाडा लगेच देऊं नये.

हा धडा वाचावयास हिमाच्या देशांत जाण्याची जरूर नाहीं. आपल्याकडे झाडांची कसोटी थंडीपेक्षां कोरडेपणानें अधिक होते, आणि पळस, पांगारा, सांवर हीं झाडें पानें टाकून उघडीं झाल्यावरच फुलांनीं पेटतात. येत्या माघांत शाळेच्या वाटेवरील एखाद्या निष्पर्ण झाडाची बारीक डहाळी जवळ ओढून पाहा. जेथून पान गळलें तेथें लहानसा व्रण दिसेल. त्या व्रणाच्या अगदीं वर बोटानें चांचपा. नवा डोळा तेथेंच असतो.